शांत बेटावर सहकुटुंब सुट्टी: इंदूरहून नील बेटापर्यंतची आखणी, योग्य क्रमाने

इंदूरहून अंदमानला निघणाऱ्या कुटुंबांचा गोंधळ बहुतेक वेळा एकाच जागी होतो. स्वस्त दिसलं म्हणून विमानाचं तिकीट आधी काढलं जातं, मग फोटो बघून हॉटेल ठरतं, आणि बोट "तिथे गेल्यावर बघू" म्हणून राहून जाते. खरं तर सगळ्यांत अडणारी गोष्ट बोटच. फेऱ्या मोजक्या, जागा मर्यादित, आणि समुद्र खवळला तर त्याही रद्द. म्हणून आखणी बोटीपासून सुरू करायची आणि परतीच्या दिवसाकडून मागे मोजत यायची. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत, त्या पुढेमागे करू नका.

सुरुवातीलाच नावांचं बघून घ्या. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्रीविजयपुरम आहे. हॅवलॉक आणि नील ही बेटं २०१८ च्या डिसेंबरपासून अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. तिकिटांच्या साइटवर कुठे जुनं नाव असतं, कुठे नवं. एका नावाने शोधून काही दिसलं नाही, तर दुसऱ्याने शोधा. खाली मी बोलण्यातली जुनीच नावं वापरतो आहे.

१. आधी बेट ठरवा, आणि एकच ठरवा

शांतता हवी असेल तर नील. हॅवलॉक मोठं आहे, राधानगरचा किनारा सुरेख आहे, पण गर्दी, स्कूबाची दुकानं आणि सहलीच्या गाड्याही तिथेच जास्त. नील छोटं आणि बरंचसं सपाट आहे. शेतं, केळीच्या बागा, दोन-तीन मुख्य किनारे आणि एक छोटा बाजार, एवढाच पसारा. आजी-आजोबा सोबत असतील तर इथे रिक्षाने कुठेही पटकन पोहोचता येतं.

आपल्याकडे पाच रात्रींत तीन बेटं, सेल्युलर जेल, बाराटांग बेटाची सहल असं सगळं भरायची हौस असते. ट्रॅव्हलवाल्यांची पॅकेजंही तशीच बांधलेली असतात. बाराटांगचाच हिशेब करा. पहाटे अंधारात निघायचं, जारवा आदिवासींच्या आरक्षित क्षेत्रातून गाड्यांच्या ताफ्यासोबत जायचं, वाटेत थांबायला आणि फोटो काढायला मनाई, आणि परत येईपर्यंत दिवस संपलेला. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन शांत सुट्टीला निघालेल्यांनी हे सरळ वगळावं. सेल्युलर जेल मराठी घरातून वगळलं जाणार नाही हे मला माहीत आहे. त्यासाठी पोर्ट ब्लेअरचा पहिला किंवा शेवटचा अर्धा दिवस पुरतो.

लक्षद्वीप अधिक शांत आहे, पण तिथे प्रवेशासाठी परवाना लागतो आणि बहुतेक सगळी वाहतूक कोचीहून होते. तो बेत असेल तर पहिली पायरी परवान्याची, बाकी सगळं त्यानंतर. अंदमानात पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नीलला जायला भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाला मी अंदमानच सुचवतो.

तपासा: नीलवर किमान तीन रात्री मिळतात का? दोनच मिळत असतील तर बोटीचे दोन दिवस वजा जाता हातात एकच पूर्ण दिवस उरतो. मग एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही.

२. तारखा: शाळेची सुट्टी आणि समुद्राची सुट्टी

नैर्ऋत्य मोसमी पाऊस भारतात सर्वांत आधी अंदमानात पोहोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. तो गेला की ईशान्य मोसमी वारे येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. म्हणजे दिवाळीची सुट्टी, जी घरातल्या सगळ्यांना सोयीची वाटते, तीच समुद्राच्या बाजूने बेभरवशाची.

डिसेंबर अखेरीस हवा छान असते, पण नाताळ ते नववर्ष या दिवसांत विमान, बोट, खोली सगळं महाग आणि भरलेलं. शांत बेट त्या आठवड्यात शांत राहत नाही. समुद्र सगळ्यांत निवांत फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये असतो. शाळकरी मुलं असतील तर वार्षिक परीक्षा संपल्यापासून एप्रिलच्या सुरुवातीला नवं सत्र लागेपर्यंतचे दिवस पकडा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, सोडून इंदूरकर कुठे जाणार नाही, तेव्हा ती आटोपल्यावरच्या तारखा बघा. मुलं शाळेच्या वयाची नसतील तर संक्रांतीनंतरचा कुठलाही पंधरवडा उत्तम.

मेची सुट्टी? पहिल्या आठवड्यापर्यंत ठीक. त्यानंतर उकाडा वाढतो आणि पाऊस कधीही सुरू होतो.

३. एका कागदावर दिवस उलटे मांडा

संगणक नंतर उघडा, आधी कागद घ्या. शेवटची ओळ आधी लिहा: पोर्ट ब्लेअरहून परतीचं विमान. तिच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच लिहा. नीलहून सकाळची बोट पकडून दुपारचं विमान गाठायचं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. बोट रद्द झाली तर विमान जातं, आणि बोटीमुळे असं हुकलेल्या विमानाचे पैसे विमान कंपनी देत नाही.

मग मागे या. मांडणी साधारण अशी दिसेल:

पहिला दिवस: इंदूरहून संध्याकाळी कोलकाता किंवा चेन्नई, रात्री तिथेच.
दुसरा: सकाळच्या विमानाने पोर्ट ब्लेअर, दुपारी विश्रांती, संध्याकाळी सेल्युलर जेल.
तिसरा: सकाळच्या बोटीने नील. सरळ बोट नसेल तर हॅवलॉकमार्गे.
चौथा, पाचवा: नील.
सहावा: सकाळी नील, दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर, रात्री तिथेच.
सातवा: सकाळचं विमान, संध्याकाळपर्यंत इंदूर.

यात आणखी एक दिवस घालता आला तर तो नीललाच घाला.

पोर्ट ब्लेअरला उतरल्या दिवशीच नीलची बोट पकडायचा मोह टाळा. विमानाला उशीर होतो, सामान यायला वेळ लागतो, आणि बोटीच्या जेटीवर बरंच आधी हजर राहावं लागतं. मुलं रडकुंडीला येतात ती इथे, बेटावर नाही.

इशारा: कागदावर एकही मोकळी संध्याकाळ नसेल तर आखणी चुकली आहे. एखादं ठिकाण काढा.

४. विमान आणि बोट एकाच बैठकीत काढा

इथे दोन चुका हमखास होतात. एक तर विमान काढून महिनाभर बोट विसरणं. दुसरी, बोटीची जागा न बघता विमान काढणं. म्हणून असं करा.

क) आधी खासगी बोटींची वेळापत्रकं उघडा. मकरुझ, ग्रीन ओशन, नॉटिका या नावांच्या बोटी पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील या मार्गांवर चालतात. तुमच्या तारखांना तुमच्या सगळ्या माणसांच्या जागा आहेत का एवढंच बघा, पैसे अजून भरू नका.

ख) आता विमान. इंदूरहून पोर्ट ब्लेअरला जाताना मध्ये कुठेतरी विमान बदलावं लागतं. कोलकाता, चेन्नई, बंगळूरु, हैदराबाद, दिल्ली यांपैकी जिथे जोड चांगली मिळेल ते. पोर्ट ब्लेअरला बहुतेक विमानं सकाळी आणि दुपारी उतरतात. त्यामुळे इंदूरहून सकाळी निघून त्याच दिवशी पोहोचायचं गणित नेहमी जुळत नाही. म्हणूनच वर मधली एक रात्र धरली आहे.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं जोडून हजार-दीड हजार वाचतात, पण पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. त्याच दिवशी विमान बदलणार असाल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असलेच पाहिजेत. मध्ये रात्रीचा मुक्काम असेल तर सुटी तिकिटं चालतात.

ग) विमानाचे पैसे भरले की जागेवरून न उठता बोटीची तिकिटं काढा. पाच माणसं असतील आणि मार्ग हॅवलॉकवरून असेल तर जाताना दोन आणि येताना एक असे तीन टप्पे, म्हणजे पंधरा तिकिटं. खर्चाच्या अंदाजात हा आकडा धरायचाच राहतो आणि मग घरात कुरबुर होते.

सरकारी बोटी बऱ्याच स्वस्त असतात आणि स्थानिक लोकांचं येणंजाणं त्यांवरच चालतं. पण त्यांचं बुकिंग प्रवासाच्या काही दिवस आधीच उघडतं आणि वेळही जास्त लागतो. इंदुरात बसून त्यांच्या भरवशावर कुटुंबाची सहल आखू नका. खासगी बोट रद्द झाली तर पर्याय म्हणून लक्षात ठेवा.

एलटीसीवर, म्हणजे सरकारी प्रवास सवलतीवर जाणाऱ्यांसाठी: केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी, कॅट या इंदूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेतली मंडळी त्यात आलीच, तिकीट काढण्याआधी कार्यालयात विचारावं. विमानाचं तिकीट अधिकृत एजन्सीकडूनच काढावं लागतं. भलत्या ॲपवरून काढलेलं स्वस्त तिकीट पुढे बिल पास होताना अडतं.

तपासा: प्रत्येक तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का? आपल्याकडे लग्नानंतर बदललेलं आडनाव, वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं यांत घोळ होतो. मुलांचीही ओळखपत्रं लागतात. दहा वर्षांच्या मुलाचं आधार घरच्या कपाटात राहिलं म्हणून जेटीवर धावपळ नको.

५. हॉटेल: फोन करा आणि हे विचारा

नीलवरच्या हॉटेलांचे फोटो सगळे सारखेच दिसतात, नारळाची झाडं आणि निळं पाणी. फोटोत न दिसणारं फोनवर विचारा. वीज गेल्यावर जनरेटर रात्रभर चालतो की फक्त संध्याकाळी? खोलीला पायऱ्या किती? आजींच्या गुडघ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न एसीपेक्षा महत्त्वाचा. जेटीवर न्यायला गाडी येते का? आणि बोट रद्द झाली तर तारीख बदलून मिळते का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

शाकाहारी असाल तर आधी सांगा. बेटावर बंगाली वस्ती मोठी आहे, मासे सगळीकडे, पण डाळ-भात-भाजी नीट मिळते. बेटावर भाजीपाला पिकतो, त्यामुळे भाजी ताजी असते. सकाळच्या पोह्यांची सवय असलेल्यांनी जीरावन मसाल्याची छोटी पुडी आणि शेव न्यावी, बाकी फराळाची पोती नकोत. बहुतेक कंपन्यांच्या देशांतर्गत विमानात चेक-इनला माणशी पंधरा किलोच चालतात.

६. निघण्याआधीचे दोन आठवडे

औषधं. नीलवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. गंभीर काही झालं तर पोर्ट ब्लेअरच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयात जावं लागतं, आणि तेही बोट असेल तेव्हा. म्हणून रक्तदाब-साखरेच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीच्या घ्या आणि त्या हातातल्या बॅगेत ठेवा. नुकतीच अँजिओप्लास्टी झालेले किंवा डायलिसिसवर असलेले कोणी असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बेटाचा हट्ट नको. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी कुणाला कोणती चालेल, हेही फॅमिली डॉक्टरांना इथेच विचारून घ्या. मुलांचा डोस वेगळा असतो.

पायात काय. नीलच्या उथळ पाण्यात तळाशी प्रवाळ आहेत, धारदार. चप्पल वाहून जाते, अनवाणी पाय कापतो. सगळ्यांसाठी पाण्यात घालायचे रबरी तळव्याचे बूट इथूनच घ्या.

स्नॉर्केलिंगचा सराव. समुद्र कधी न पाहिलेलं मूल तोंडात नळी धरून श्वास घ्यायला घाबरतं आणि पैसे भरलेली फेरी वाया जाते. घरी बादलीत पाणी भरा, मास्क लावा, नाक बंद आणि तोंडाने श्वास. दोन-तीन संध्याकाळी पाच-पाच मिनिटं केलं की भीती जाते. मोठ्यांनीही करावं, जास्त घाबरतात तेच.

रोख पैसे. नीलवर नेटवर्क येतं-जातं, यूपीआय भर बाजारात अडकतं. रिक्षा, सायकल, शहाळी आणि एक वेळचं जेवण एवढे पैसे रोज हाताशी राहतील अशी सुटी रक्कम न्या. तिकिटं मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि एक प्रत कागदावर छापून घ्या.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. किनाऱ्यावर पहाटे आणि संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि खाज चार-चार दिवस जात नाही. पाय झाकलेले बरे.

७. बोटीचा दिवस

आदल्या रात्री साधं जेवण, सकाळी हलका नाश्ता. सुटीचा उत्साह म्हणून तळलेलं खाऊन बोटीत बसलेला माणूस स्वतःही हैराण होतो आणि शेजारच्यालाही करतो. गोळी घ्यायची असेल तर बोटीत बसण्याआधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर उपयोग फारसा होत नाही.

खासगी बोटींमध्ये बहुतेक वेळ बंद, वातानुकूलित कक्षात बसून राहावं लागतं. जागा निवडता येत असेल तर मधल्या किंवा मागच्या भागातल्या, खालच्या मजल्यावरच्या निवडा. बोटीचं नाक सगळ्यांत जास्त वरखाली होतं. मुलांच्या हातात मोबाइल देऊ नका, पडद्याकडे बघितलं की उलटी येते. खिडकीतून लांब, पाणी आणि आभाळ मिळतात तिकडे बघायला सांगा.

तपासा: तुमची बोट कुठल्या जेटीवरून सुटते? पोर्ट ब्लेअरला सरकारी आणि खासगी बोटींचे धक्के वेगळे आहेत. रिक्षावाल्याला नुसतं "जेटी" म्हणू नका, तिकिटावरचं नाव दाखवा.

८. बेटावर: घड्याळ आणि भरती-ओहोटी

अंदमानचं घड्याळ आपल्याच वेळेवर चालतं, सूर्य मात्र नाही. मार्चअखेरीस तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा इंदुरात अजून तासभर ऊन असतं. डिसेंबरात तर पाचलाच अंधारायला लागतं. दुपारी जेवून झोपलात आणि पाचला उठलात तर दिवस गेला. पहाटे पाचला उठा, सीतापूर किनाऱ्यावर सूर्योदय बघा, अकरापर्यंत पाण्यातली कामं उरका, भर दुपारी झोपा आणि साडेतीनला लक्ष्मणपूरला निघा. सूर्यास्त तिथला.

आता ओहोटी. आपण मैदानी मुलखातली माणसं, समुद्र दिवसभर एकाच जागी असतो असं आपल्याला वाटतं. भरतपूर किनाऱ्यावर ओहोटीला पाणी लांब मागे सरकतं आणि जिथे सकाळी पोहलो तिथे घोटाभर पाणी आणि उघडे प्रवाळ राहतात. तेव्हा आत चालत जाऊ नका. पाय कापतो, आणि पायाखाली तुटलेला प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षं लागतात. उलट लक्ष्मणपूरच्या बाजूचा नैसर्गिक खडकाचा पूल बघायचा तो ओहोटीलाच. भरतीत तिथे पोहोचणं अवघड आणि धोक्याचं.

म्हणून रोज दोन वेळा लिहून घ्या, भरतीची आणि ओहोटीची. हॉटेलवाला सांगतो, मोबाइलवरही मिळतात. या वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे कालच्या वेळेवर आज जाऊ नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. खडकाचा पूल बघायला ते दिवस चांगले. कोकणातल्या मावशीने सांगितलेला, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हा हिशेब इथे चालवू नका, तो तिकडच्या किनाऱ्याचा आहे.

ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटी आहेत. आजोबांना त्यात बसवा, तेही खूश.

इशारा: अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. फलक लावलेल्या जागी, खाडीच्या तोंडाशी आणि अंधारात पाण्यात उतरायचं नाही. तिथला मच्छीमार किंवा जीवरक्षक नको म्हणाला तर वाद घालू नका.

स्कूबा करायचं असेल तर मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी करा. डायव्हिंगनंतर किमान अठरा तास, शक्यतो चोवीस तास विमानात बसू नये, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. दमा, कानाचा त्रास, रक्तदाब असेल तर अर्जावर खोटं लिहू नका. दहा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

९. परतताना

नीलहून निघायच्या आदल्या संध्याकाळी बोटवाल्यांचा मेसेज आणि हवामान खात्याचा इशारा दोन्ही बघा. बोट रद्द होण्याची शक्यता दिसली तर त्याच वेळी हॉटेलमार्फत सरकारी बोटीची चौकशी सुरू करा, सकाळची वाट बघू नका. पोर्ट ब्लेअरची राखीव रात्र याच कामाला आहे.

सामान भरताना मुलांचे खिसे आणि बीचच्या पिशव्या उलट्या करा. प्रवाळाचे तुकडे, मेलेले असले तरी, नेता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. शंख-शिंपल्यांतही कित्येक जाती संरक्षित आहेत आणि किनाऱ्यावर उभं राहून कुठली कुठली ते तुम्हाला-मला ओळखता येणार नाही. विमानतळावर सामान तपासलं जातं आणि मग मुलांसमोरच चौकशी होते. दुकानातून शंखाची वस्तू घेतली असेल तर पावती जपून ठेवा.

ओले कपडे वेगळ्या पिशवीत बांधा, त्यांचं वजन पंधरा किलोंत धरा. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्या बॅगेत घ्या. कोलकात्यात किंवा चेन्नईत विमान बदलणार असाल तर सामान थेट इंदूरपर्यंत टॅग झालं आहे का, हे पोर्ट ब्लेअरच्या काउंटरवरच विचारा आणि टॅगवर इंदूर छापलेलं बघूनच पुढे जा.